पगारेकाकांचं ‘हं’

नव्वदच्या दशकात नाशिकच्या जुन्या सीबीएसवर ज्यांनी एसटीची वाट पाहिली असेल, त्यांनी जयराम पगारे यांना पाहिलं नसलं तरी ऐकलं नक्की असेल. ते वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या केबिनमध्ये बसून गाड्यांची घोषणा करायचे. ‘नाशिकहून चांदवडमार्गे मालेगावला जाणारी गाडी फलाटावर लागत आहे’ हे वाक्य ते अशा काही थाटात म्हणायचे, की मालेगावला ज्याचं काडीचं काम नाही त्यालाही पिशवी उचलून त्या गाडीत बसावंसं वाटे. भीमजयंतीला आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीत माईक त्यांच्याच हातात असायचा. हरवलेल्या मुलाची घोषणासुद्धा ते इतक्या धीरानं करायचे, की मुलाची आई रडायची थांबायची.

ते आमच्या समोरच्या घरात राहायचे. घरी आल्यावरही आवाज खाली यायचा नाही. कोणत्या ड्रायव्हरनं राहुड घाटात गाडी कशी सांभाळली, त्र्यंबकच्या जत्रेला जादा गाड्या सोडताना साहेबांची कशी तारांबळ उडाली, सगळं आम्हाला आमच्या ओट्याशी उभं राहून ऐकू यायचं. मध्ये मध्ये एक बारीक ‘हं’ यायचा. तो यशोदाबाईंचा.

यशोदाबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. दिंडोरीकडच्या एका खेड्यातल्या. सातवीपर्यंत शिकलेल्या, हाताला शिवणाची सफाई, बोलणं मोजकं. एकदा मी त्यांना विचारलं, “काकू, तुम्हाला काही सांगायचं नसतं का हो कधी?”

त्या ब्लाऊजला हूक लावत होत्या. दाताखालचा दोरा तोडून म्हणाल्या, “आमच्या गावाला गोष्ट सांगणाऱ्यासमोर हुंकार देणारं माणूस बसवावं लागतं. हुंकार थांबला की गोष्ट थांबते. आता दोघांनी गोष्ट सांगायची म्हटली तर हुंकार काय शेजाऱ्यांनी द्यायचा?”

“म्हणजे तुमच्या वाट्याला हुंकार आला.”

“आला कशाला, मी घेतला. ह्यांना देता आला नसता. मधेच तोंड घालतात.”

काका निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. हळूहळू काठीच्या आधारानं चार पावलं चालता येऊ लागलं, पण वाचा गेली ती गेलीच. समजत सगळं होतं. पेपर समोर धरला की डोळे ओळीवरून फिरायचे. तोंडातून मात्र एकच अक्षर यायचं, ‘हं’. पटलं तर हं. नाही पटलं तर गप्प. ज्या माणसानं सगळ्या जिल्ह्याला गाड्या सांगितल्या, त्याच्याकडे एवढंच उरलं होतं.

पहिले काही महिने माणसांची रीघ लागली. मी नेहमी तिथे असायची, चहाला मदत करायला. एक गोष्ट माझ्या लवकर लक्षात आली. येणारा माणूस दारातून ‘जय भीम काका’ म्हणायचा, पलंगापाशी क्षणभर उभा राहायचा आणि मग खुर्ची यशोदाबाईंच्या दिशेला वळवायचा. “काका जेवतात का? काकांना झोप लागते का? काकांना कळतं का सगळं?” काका समोर. कान शाबूत. आणि प्रश्न सगळे बायकोला.

असेच एक सहकारी उठून गेल्यावर यशोदाबाई कपबशा गोळा करत म्हणाल्या, “रोहिणी, बघितलंस ना? ह्यांना पंगतीतून उठवावं तसं बोलण्यातून उठवलं लोकांनी. मला ह्यांना परत तिथं बसवायचंय. बाकी पाय चालला तर चालला, नाही तर नाही.”

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. उद्या गहू निवडायचे आहेत, असं सांगावं तसं. पण पुढची दोन-तीन वर्षं त्यांनी जे जे केलं ते त्या एका वाक्यासाठी केलं, हे मी जवळून पाहिलेलं आहे.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की त्यांच्याशी रोज बोला, ओळखीच्या गोष्टी सांगा, आणि त्यांना उत्तर द्यायला वेळ द्या. त्यांच्या वतीनं तुम्हीच बोलून टाकू नका. आता ज्या बाईनं उभ्या संसारात हुंकार दिला तिनं एकदम बोलायचं काय? पहिल्या दिवशी त्यांनी काकांना भाजीचे भाव सांगितले. दुसऱ्या दिवशीही भाजीचेच सांगितले. काका भिंतीकडे तोंड करून झोपले.

पुण्याहून त्यांचा पुतण्या रवी आला होता. कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला. हे ऐकून तो म्हणाला, “काकू, तू पॉडकास्ट सुरू कर.”

“ते काय असतं?”

“रेडिओच समज. फक्त आपला स्वतःचा. तू बोलायचं, आपण इंटरनेटवर ठेवायचं. ज्याला वाटेल त्यानं वाटेल तेव्हा ऐकायचं. जगात कुठूनही.”

“आणि ऐकणार कोण?”

“कोणीही.”

“म्हणजे कोणी नाही,” काकू म्हणाल्या. पण मग त्यांनी विचारलं, “दर आठवड्याला करावं लागतं?”

“नेमानं केलं तर चांगलं.”

“मग जमंल. नुसतं बोल म्हटलं तर मला सुचत नाय. काम म्हटलं की सुचतं. केलेलं ह्यांना ऐकवीन.”

विषय ठरायला वेळ लागला नाही. एसटीच्या नोकरीत कुटुंबाला वर्षातून काही दिवस प्रवासाचा पास मिळायचा. त्या पासावर हे जोडपं दरवर्षी जिल्हा फिरायचं. लोक काश्मीरला जातात, हे पेठला जायचे. एका भागात एक प्रवास आणि एक थांबा, असं ठरलं. नाव ठेवलं ‘पासावरचे प्रवास’. रवीनं मुठीत मावेल असा रेकॉर्डर दिला. फाइल पुण्याला पाठवायचं काम माझ्याकडे आलं, कारण इंटरनेट आमच्याकडे होतं. घरात बसून आमच्या बी.ए.च्या पदवीला एवढं तरी काम मिळालं.

नवशिक्या माणसानं ज्या चुका करायच्या त्या आम्ही एकूण एक केल्या. रवीनं सांगितलं होतं की शांत जागा हवी, आसपास कोणी नको. म्हणून काकूंनी स्वयंपाकघर निवडलं, दार लावून घेतलं आणि मी लिहून दिलेला कागद वाचला. ऐकताना असं वाटलं, की ग्रामपंचायतीची नोटीस कोणीतरी वाचतंय. शिवाय मागे फ्रीज घरघरत होता आणि ‘वणीच्या वाटेवर’ या शब्दांवर शेजारच्या कुकरची शिट्टी. दुसऱ्यांदा फ्रीज बंद केला तर कोपऱ्यावरची पिठाची गिरणी सुरू झाली. तिसऱ्यांदा रेकॉर्डरचं बटणच दाबलं गेलं नव्हतं. काकू घामाघूम होऊन बाहेर आल्या.

“कागद नको मला,” त्या म्हणाल्या. “तुझं मराठी चांगलं आहे गं, पण ते माझ्या तोंडात बसत नाय. दुसऱ्याची कवळी घातल्यासारखं वाटतं.”

कागद गेला. पण कागदाशिवाय तर आणखीच पंचाईत. दोन वाक्यं झाली की त्या थांबायच्या. समोर भिंत, भिंतीवर कॅलेंडर. “कोणाला सांगू?” असं त्या विचारायच्या, आणि तेही रेकॉर्ड व्हायचं.

तेव्हा नाशिकला भारनियमन जोरात होतं. दुपारी वीज गेली की गिरणी बंद, फ्रीज बंद, सगळ्या कॉलनीतले पंखे आणि टीव्ही बंद. अशी शांतता पैसे देऊनही मिळाली नसती. आम्ही ठरवलं, वीज गेली की रेकॉर्डिंग. पण वीज गेली की काकांचा पंखाही बंद पडायचा, आणि त्यांना उकाडा सहन होत नसे. म्हणून काकू पलंगाच्या कडेला बसल्या, एका हातानं विंझणवारा घालायला लागल्या आणि रेकॉर्डर उशीवर ठेवून म्हणाल्या, “जाऊ दे, इथंच बोलते. वणीचं सांगते. नांदुरीला आपण उतरलो, तुम्ही म्हणालात गड चढू चालत—”

“हं,” काका म्हणाले.

काकूंचा हात थांबला. मग पुन्हा हलू लागला. “मी म्हटलं तापातून उठलेल्या बाईला चालत नेता का? तर तुम्ही काय म्हणालात, खाजगी गाडीला पैसे कशाला, आपल्याकडे पास आहे.”

“हं.”

“आणि पास गडावर चालंना.”

“हं,” काका म्हणाले, जरा पडलेल्या आवाजात. मला हसू आवरेना. मी हातपंखा माझ्याकडे घेतला आणि त्यांना मोकळं केलं. त्या दुपारी यशोदाबाई अर्धा तास बोलल्या. मी त्यांना इतकं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. बहुधा काकांनीही नसावं.

पुढच्या वेळी आणखी एक गंमत झाली. त्र्यंबकच्या रस्त्याचं सांगताना त्या म्हणाल्या, “सातपूर गेलं, मग अंजनेरी आली, मग महिरावणी.” पलंगावरून हुंकार आला नाही. त्या थांबल्या. गावाकडच्या रीतीप्रमाणे हुंकाराशिवाय पुढे जाता येत नव्हतं. “काय झालं? सातपूर बरोबर?” हं. “मग अंजनेरी?” शांतता. “आधी महिरावणी?” हं, चांगला ठसठशीत. “बरं, आधी महिरावणी. एवढं काय, मी काय गाडी सोडतेय?” असं पुटपुटून त्या पुढे निघाल्या. बाजूला ठेवलेला माणूस बोलण्यात येऊन बसला होता आणि आल्याबरोबर चुका काढायला लागला होता.

आम्ही फाइल रवीला पाठवली. त्यानं मन लावून ती साफ केली आणि इंटरनेटवर चढवली. आमच्याकडे कॉम्प्युटरसमोर खुर्च्या मांडून आम्ही ऐकायला बसलो. काकूंचा आवाज स्वच्छ होता, पण ऐकताना काहीतरी चुकत होतं. वाक्य झालं की त्या उगाच थांबत होत्या. ‘सातपूर बरोबर?’ असं म्हणत होत्या आणि कोणीच काही बोलत नव्हतं. विसरभोळी बाई एकटीच बडबडतेय, असं वाटत होतं. रवीनं काकांचे सगळे ‘हं’ काढून टाकले होते.

काकूंनी माझ्या फोनवरूनच त्याला फोन लावला.

“रवी, तुझ्या काकांना कुठं ठेवलंस?”

“काकू, तो आवाज नॉइज वाटतो गं. बॅकग्राउंडला कोणीतरी कण्हतंय असं—”

“कण्हत नाहीत ते. बोलतात. जिथून उचललंस तिथं परत आणून ठेव. एकेक.”

“खूप वेळ लागेल.”

“लागू दे. माणूस आहे, मीठ-मोहरी आहे का काढून टाकायला?”

रवीनं सगळे हुंकार परत बसवले. त्याचा तो रविवार त्यात गेला, असं त्यानं नंतर सांगितलं. पण त्यानंतर त्यानं हात लावला नाही. उलट रेकॉर्डर काकांच्या जरा जवळ ठेवा, असं तोच सांगू लागला.

ऐकणारे सुरुवातीला आम्हीच होतो. रवी, त्याची बायको, मी, माझी मुलगी. इंटरनेटवर किती जणांनी ऐकलं त्याचा आकडा दिसायचा. तो इतका हट्टी होता की मी काकूंना सांगायचं सोडून दिलं. त्यांनीही विचारायचं सोडलं. पण दर रविवारी नवा भाग गेलाच पाहिजे, यात खंड नाही. घरी पाहुणे असोत, त्यांचं गुडघ्याचं दुखणं असो. “गाडी रिकामी असली तरी वेळेला सुटते,” त्या म्हणायच्या. “रिकामी गेली तरच पुढच्या थांब्यावर कोणी चढेल.”

आणि चढले खरे. आधी एका निवृत्त कंडक्टरच्या मुलानं मस्कतहून ईमेल पाठवली. मग त्यानं आणखी कोणाला सांगितलं. मी सीडी करून दिल्या, त्या एसटीच्या जुन्या मंडळींत फिरल्या. लोक भेटायला येऊ लागले, आणि आता खुर्ची पलंगाकडे वळू लागली. “काका, त्या वडाळीभोईच्या हॉटेलचं तुम्ही ‘हं’ म्हणालात ते मुद्दाम ना?” काका डोळे बारीक करून म्हणायचे, हं.

सगळ्यांना आवडलं असं मात्र नाही. काकांच्या थोरल्या बहीण, अक्काबाई, सिन्नरकडून आल्या होत्या. त्यांना कोणीतरी सीडी ऐकवली होती. पदर कमरेला खोचून त्या दारातच सुरू झाल्या.

“यशोदे, माझ्या भावाचा खेळ लावलाय म्हनं तू गावभर. लय नाव काढलंस. ज्याचा आवाज वाघासारका, त्याचं कण्हनं लोकान्ला ऐकवती व्हय?”

काकू भाकऱ्या करत होत्या. तवा उतरवून त्या बाहेर आल्या. “अक्का, तुम्ही आल्यापासून त्यांच्याशी काय बोललात?”

“त्याला काय बोलायचं? त्याला बोलता येतं का?”

“तेच तर,” काकू म्हणाल्या. “बसा त्यांच्यापाशी. लहानपणीचं काही सांगा. मी भाकऱ्या करते तोवर.”

अक्काबाई फणकाऱ्यानं पलंगापाशी बसल्या. आधी सुनेची तक्रार झाली. मग विहिरीत पडलेल्या शेळीचं निघालं. स्वयंपाकघरात आम्हाला ऐकू येत होतं, “तूच ढकलली व्हती ना रं ती?” आणि मग बराच वेळ शांतता. “गप का रं? म्हंजी तूच.” जेवून अक्काबाई निघाल्या. भावाच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, “येते रं. शेळीचं मी कोनाला सांगत नाय.”

दोन हजार आठच्या सुमारास शहरात नव्यानं सुरू झालेल्या एका एफएम केंद्रावरून दिनेश नावाचा तरुण आला. अदबशीर मुलगा. त्याला कार्यक्रम फार आवडला होता. रविवारी सकाळी पंधरा मिनिटं, स्टुडिओतून थेट प्रक्षेपण. अख्खं नाशिक ऐकणार.

“फक्त एक आहे काकू,” तो अडखळत म्हणाला. “रेडिओवर ते ‘हं’ नाही चालणार. इंटरनेटवर लोक मुद्दाम येऊन ऐकतात. रेडिओवर गाडी चालवताना, दाढी करताना ऐकतात. त्यांना कळणार नाही तो कसला आवाज आहे. शिवाय स्टुडिओ तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. काकांना आणणं...”

“एकदा येऊन बघते,” काकू म्हणाल्या.

मी बरोबर गेले. काचेची खोली, भिंतींना गादीसारखं काहीतरी लावलेलं, तोंडासमोर माईक. काकूंनी दोन वाक्यं म्हटली आणि थांबल्या. दिनेशनं काचेतून खूण केली. त्यांनी आणखी एक वाक्य म्हटलं. पुन्हा थांबल्या. त्यानं आत येऊन विचारलं, “मी म्हणू का काकू ‘हं’? तुम्हाला ऐकू येईल, बाहेर जाणार नाही.”

“तू पेठला गेलायस का कधी?”

“नाही.”

“मग तू कशाला हं म्हणशील,” त्या म्हणाल्या आणि उठल्या.

रिक्षात त्या एवढंच बोलल्या, “नाही जमत म्हणून सांगून टाकू. ह्यांना सोडून मी बोलायला लागले तर मग आधीचं सगळं कशाला केलं?”

मलाही ते पटलं होतं. घरी आल्यावर त्या पाणी प्यायल्या आणि पलंगाशी बसून त्यांनी काकांना हकिकत सांगितली. शेवटी म्हणाल्या, “तर नको म्हणून कळवते. बरोबर?”

काका गप्प.

“ऐकू आलं ना? एकटीनं बोलायचंय. तुम्ही नाही. नको म्हणते मी.”

गप्प.

“मग काय, जाऊ?”

“हं.”

काकू माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांना राग आला. मी त्यांचा राग फार थोड्या वेळा पाहिला आहे. “जाऊ? तुम्ही इथं पडून राहणार आणि मी तिकडं एकटी बडबडू? लोक म्हणतील नवऱ्याला टाकून रेडिओवर गेली. मला तिथं दोन वाक्यं येत नाहीत, कळतं का तुम्हाला?”

गप्प. काकांनी नजरही हलवली नाही.

“घरून रेकॉर्ड करून दिलं तर?”

गप्प.

“काठी घेऊन तुम्हाला चढवलं तीन मजले तर? रवीला बोलावते, दोघं धरतील.”

गप्प.

“म्हणजे मीच. एकटी.”

“हं,” काका म्हणाले. आणि डावा हात उचलून त्यांनी उशीवरचा रेकॉर्डर हळूच काकूंच्या मांडीकडे ढकलला.

काकू बराच वेळ मांडीवरच्या त्या यंत्राकडे बघत होत्या. त्यांच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाज मला होता. सगळी धडपड कशासाठी केली होती? ह्यांचं म्हणणं लोकांनी विचारावं, मोजावं, यासाठी. आता विचारलं तर ह्यांनी आपल्याला नको असलेलं उत्तर दिलं होतं. ते मोजायचं नाही, तर मग आल्या-गेल्यात आणि आपल्यात फरक काय?

“ठीक आहे,” शेवटी त्या म्हणाल्या. “पण मग मला एकटीनं बोलायला शिकावं लागंल. तुम्ही मधे हं करायचं नाही.”

नंतरचा महिनाभर त्या शिकत होत्या. काका आतल्या खोलीत, मधलं दार बंद, आणि काकू बाहेरच्या खोलीत उभ्या राहून बोलायच्या. मी कोपऱ्यात बसायची. मला मान हलवायचीही मनाई होती. आधी त्या हुंकाराची वाट पाहत अडकायच्या. मग त्यांनी एक युक्ती काढली. वाक्य झालं की एक श्वास घ्यायचा. तेवढी जागा काकांची. त्या श्वासात ते काय म्हणाले असते, हे मनात ऐकायचं आणि पुढे जायचं. दिनेशनं ते ऐकून सांगितलं की थोडे पॉज कमी करता आले तर बरं. काकू म्हणाल्या, “ते कमी होणार नाहीत. तेवढं सोडून बाकी तू म्हणशील तसं.” आणि तो शहाणा निघाला, त्यानं वाद घातला नाही. सांगायला हवं, की पॉडकास्ट बंद झाला नाही. दुपारी वीज जायची तेव्हा पलंगावरचं रेकॉर्डिंग चालूच होतं.

रेडिओचा पहिला रविवार आला. काकू जांभळी साडी नेसून गेल्या. विहारात वंदनेला जाणारी मंडळी थांबून त्यांना शुभेच्छा देत होती. काकांपाशी मी बसले, मांडीवर रेडिओ घेऊन. कॉलनीत घराघरातून तोच आवाज येत होता, त्यामुळे रेडिओची तशी गरज नव्हती.

मालेगावचा प्रवास होता. काकू म्हणाल्या, “नमस्कार. मी यशोदाबाई पगारे.” एक श्वास. “आम्ही सकाळच्या गाडीनं निघालो.” एक श्वास, आणि त्या श्वासात माझ्या शेजारी काका म्हणाले, “हं.”

त्या ओझरला पोचल्या. हं. पिंपळगाव आलं. हं. दोघांमध्ये अख्खं शहर होतं, पण एकही हुंकार इकडे तिकडे पडला नाही. चांदवडच्या चहाचं आलं, मालेगावला घ्यायच्या यंत्रमागाच्या लुगड्याचं आलं, राहुड घाट उतरला. मी डोळे पुसत होते. तेवढ्यात काकू म्हणाल्या, “आणि उमराण्याला आमची गाडी पंक्चर झाली.”

श्वास. काका गप्प.

तिकडे काकू पुढे निघून गेल्या, पंक्चरची सगळी गंमत सांगू लागल्या. इकडे काका अस्वस्थ. डाव्या हातानं चादर आवळली, रेडिओकडे असं पाहिलं की जणू गाडी चुकीच्या फलाटावर लागली आहे आणि ह्यांच्या हातात माईक नाही. कार्यक्रम संपेपर्यंत त्यांनी पुन्हा ‘हं’ म्हटलं नाही. बाहेर लोक टाळ्या वाजवत होते.

काकू रिक्षातून उतरल्या तेव्हा दारात गर्दी होती. कोणी पेढे आणले होते. त्या सगळ्यांना नमस्कार करत आत आल्या, पदरानं मान पुसली आणि काकांचा चेहरा पाहून जागच्या जागी थांबल्या.

“काय चुकलं?”

काका गप्प.

चपलाही न काढता त्या पलंगावर बसल्या. “ओझर?” हं. “चांदवडचा चहा?” हं. “मग पंक्चर? उमराण्याला नव्हतं?” हं. “सौंदाण्याला?” गप्प. “घाटात?” गप्प. “चांदवडच्या अलीकडे?” गप्प.

कोणीतरी मागून पेढ्याचा पुडा पुढे केला, तो काकूंनी न बघताच बाजूला सारला.

“मग पंक्चरच झालं नव्हतं म्हणता?”

“हं.”

“झालं होतं. मी खाली उतरले होते. ऊन होतं. तुम्ही ड्रायव्हरला जॅक लावायला मदत केली.”

गप्प.

“ते दुसऱ्या वर्षी? सटाण्याला जाताना?”

“हं.”

“अजिबात नाही. सटाण्याला गेलो तेव्हा रवी आपल्याबरोबर होता. पंक्चरच्या वेळी रवी होता का? सांगा ना. होता?”

काका गप्प. पण आता त्यांच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात काहीतरी हललं. काकूंनी ते पाहिलं आणि पदर खोचला. “हसू नका. मला सगळं आठवतंय. आधी ओझरपासून परत सुरू करू.”

मी दारातल्या मंडळींना हळूच बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं.